दुधाचेच दात आहेत, पडणारच. मग किडले म्हणून गल्लीनं मिळून काही करावं का?

तुम्ही लिहिलंय, इंदूरच्या सुदामानगरमधल्या तुमच्या गल्लीत तीन ते सहा वर्षांची आठ-दहा मुलं आहेत, निम्म्यांचे पुढचे दात काळे पडलेत आणि घरची मोठी माणसं ‘पडतीलच की’ म्हणून सोडून देतात. मी रामबागेत घरीच पाळणाघर चालवते, म्हणून उत्तर देतेय. तशी पहिली चूक माझ्याच घरातली.

माझा मुलगा साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात धरूनच झोपायचा. वरच्या चार दातांवर हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ आली, मला वाटलं दूध चिकटलंय. ती किडीची पहिली खूण होती, आणि तेव्हाच दात घट्ट करणारं फ्लोराइड मिळालं असतं तर बहुधा तिथेच थांबली असती. पुढे दात तपकिरी झाले, मग तुकडे पडले. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे गोड दूध दातांवर तसंच राहतं. आणि ‘पडतील’ ते कधी? दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात, तोवर पोरानं दुखऱ्या दाढेनं चावायचं? शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यांच्या मागे एक दाढ येते, एकही दात न पडता. ती कायमची. तिलाही कित्येक घरी दुधाचीच समजतात.

आता गल्लीचं. लगेच शिबिर भरवू नका. डॉक्टर येतात, पेस्ट वाटतात, फोटो निघतात, संपलं. आधी खाऊ देणाऱ्यांना गाठा. एकदा मी पाळणाघरातल्या एका मुलीचा दिवस मोजला. आजोबांची गोळी, शेजारच्या काकूंचं क्रीमचं बिस्किट, किराणावाल्यानं सुट्ट्यांऐवजी दिलेलं चॉकलेट, कुणाच्या वाढदिवसाची टॉफी, संध्याकाळच्या आरतीचा पेढा. प्रत्येकानं एकच दिलं होतं! गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, यावर दातांचं जास्त ठरतं. दर वेळी साधारण अर्धा तास तोंडात आम्ल राहतं आणि दात विरघळत राहतो. म्हणून पोह्यांबरोबरची जिलबी राहू द्या (इंदुरात ती बंद करा म्हटलं तर मलाच गल्लीबाहेर काढतील), ती एका बैठकीत खाऊन होते. मधल्या वेळेला काकडी, पेरूची फोड, धिरडं. गणपतीत मुलांची आरती जेवणाआधी उरकून घ्या, म्हणजे खिरापत खाऊन तसंच झोपणं होत नाही.

दुसरं, सगळ्यांनी एकत्र ब्रश करणं. घरी रडणारं पोर चार जणांत मुकाट्यानं करतं. आमच्याकडे जेवण झालं की मोरीशी रांग लागते. ब्रश अदलाबदल होऊ नयेत म्हणून दांड्यांना रंगीत दोरे. पेस्ट १००० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइडची, ट्यूबवर वाचून घ्या, कारण मुलांच्या गोड चवीच्या कित्येक पेस्टमध्ये ते कमी असतं. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी. नंतर नुसतं थुंकायचं, खळखळून चूळ नाही. यावर आज्यांशी माझी जुंपली होती. झाबुआ-धारकडे बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडनं दात डागाळतात, ते ऐकून एक बाबा पेस्टलाच घाबरले होते. ते डाग वर्षानुवर्षं पोटात गेलेल्या जास्तीच्या फ्लोराइडचे. म्हणूनच तर दाण्याचं माप. रात्रीचा ब्रश मात्र घरी, मोठ्यांच्या हातानं, सात-आठ वर्षांचे होईपर्यंत.

ज्यांचे आधीच काळे झालेत त्यांना आत्ताच दंतवैद्याकडे न्या, सरकारी डेंटल कॉलेजही आहेच. हिरडीवर फोड किंवा गालाला सूज असेल तर त्याच दिवशी.

आमच्या किराणावाल्यानं आता सुट्ट्यांऐवजी पेन्सिली ठेवल्यात. आजोबांचा खिसा अजून रिकामा झालेला नाही.