सी-शार्पमध्ये लिहिलेल्या बिलिंग सॉफ्टवेअरला प्लग-इनची सोय द्यायची आहे. एमईएफ (डॉटनेटची प्लग-इनसाठीची तयार लायब्ररी) वापरू की प्लग-इन उचलणारा लोडर स्वतः लिहू?

काहीही करा, लोडर पन्नासेक ओळींचा मामला आहे. रडवतं ते वेगळंच. महापेच्या ऑफिसात लेबल-प्रिंटरच्या प्लग-इनने आमचा अख्खा दिवस खाल्ला. डीएलएल (प्लग-इनची बिल्ड झालेली फाइल) जागेवर, क्लासला इंटरफेस (ॲप आणि प्लग-इनमधला करार) लावलेला, तरी ॲपला प्लग-इन सापडेना. एरर नाही, लॉग कोरा. प्लग-इनच्या फोल्डरमध्ये इंटरफेसवाल्या डीएलएलची आणखी एक कॉपी पडली होती आणि असेंब्लीलोडकॉन्टेक्स्टने (डीएलएल वेगळ्या कप्प्यात लोड करणारा डॉटनेटचा क्लास) तीच उचलली. नाव तेच, नेमस्पेस तीच, पण डॉटनेटच्या लेखी ते दोन वेगळे टाइप. क्लास त्या इंटरफेसचा आहे का हे तपासणारं इजअसाइनेबलफ्रॉम गुपचूप फॉल्स देतं.

म्हणून इंटरफेस वेगळ्या छोट्या प्रोजेक्टमध्ये ठेवा. प्लग-इनच्या सीएसप्रोज या प्रोजेक्ट-फाइलमध्ये त्या रेफरन्सला प्रायव्हेट फॉल्स आणि एक्सक्लूडअ‍ॅसेट्स रनटाइम, दोन्ही लावा. वर एनेबलडायनॅमिकलोडिंग ट्रू. बिल्डनंतर फोल्डर उघडून बघा, इंटरफेसची डीएलएल तिथे दिसता कामा नये. प्रत्येक प्लग-इनला स्वतःचं फोल्डर द्या. नाहीतर दोघांना एकाच लायब्ररीच्या वेगळ्या आवृत्त्या लागल्या की एक दुसरीवर कॉपी होते.

इंटरफेसमधून काय द्यायचं, यावर आमच्या सिनियरचं म्हणणं होतं, "मेन फॉर्मच (ॲपची मुख्य विंडो) देऊन टाक, ज्याला जे हवं ते घेईल." मी तेव्हाही नाही म्हटलं, आजही म्हणतो. बिलाची रीड-ओन्ली कॉपी आणि लॉगर द्या, बस. फायरफॉक्सने ॲड-ऑनना आतलं जवळजवळ सगळं उघडं ठेवलं होतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये, आवृत्ती ५७ ला, ते जुने ॲड-ऑन बंदच करावे लागले. तुम्ही मेन फॉर्ममधलं एक नाव बदललंत की ऐन दिवाळीत जांभळी नाक्यावरच्या दुकानदाराचं बिल अडकणार.

नवी मेथड लागली तर जुन्या इंटरफेसमध्ये घालू नका, आधी बिल्ड केलेला प्लग-इन लोड होताना टाइपलोडएक्सेप्शन ही एरर देतो. दुसरा इंटरफेस काढा. सी-शार्प ८ पासून मेथडला डिफॉल्ट बॉडी देता येते म्हणा, पण जुन्या डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ वर ती चालत नाही. हो, आणि असेंब्लीलोडकॉन्टेक्स्टही तिथे नाही. वरचं सगळं डॉटनेट कोअर ३ आणि पुढच्यांसाठी.

वेगळा असेंब्लीलोडकॉन्टेक्स्ट म्हणजे सुरक्षेचं कुंपण नव्हे. प्लग-इनला ॲपचे सगळे अधिकार असतात. अनोळखी लोकांचे प्लग-इन घेणार असाल तर व्हीएस कोड या एडिटरसारखी वेगळी प्रोसेस करा, आणि तिचे अधिकारही कमी ठेवा; नुसती वेगळी प्रोसेसही कुंपण नव्हे. वेगळ्या प्रोसेसला मेन फॉर्म देताच येत नाही, हे त्या सिनियरला कुणीतरी कळवा.