प्रिय बाळा, अभंग आपलाही आहे

प्रिय बाळा,

तुझा निरोप वाचला. मराठी ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेला तुझ्यासोबत आलेल्या मित्राने टाळ आणि पेटी पाहून विचारलं, "हे तर हिंदू भजन आहे ना?" आणि तुला उत्तर देता आलं नाही. शिवाय पुढच्या महिन्यातल्या घरगुती प्रार्थनासभेत एक भजन तुला चालवायला सांगितलं आहे. दोन्हींचं उत्तर एकत्रच देते, कारण पहिली गोष्ट समजली की दुसरी सोपी जाते.

अभंग आणि ओवी हे मराठी भाषेचे छंद आहेत. ज्ञानेश्वरांनी ओवी लिहिली, तुकोबांनी अभंग लिहिले, आणि त्या शब्दांत त्यांचा विठ्ठल आहे. आपण गातो त्या अभंगात प्रभू येशू आहे. गाणं कोणाचं, हे ते कोणाला उद्देशून म्हटलंय यावरून ठरतं. छंद सगळ्या मराठी माणसांचा. मित्राला एवढं सांगितलंस तरी पुरे.

हे काही अलीकडचं नाही. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला, मराठी शिकला, आणि १६१६ साली त्याचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. दहा हजारांहून जास्त ओव्या आहेत त्यात. पहिल्या भागात जुन्या करारातली कथा, दुसऱ्यात येशूचं चरित्र. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराण ऐकायची सवय होती, म्हणून त्याने शुभवर्तमान पुराणाच्याच घाटात सांगितलं. म्हणजे मराठी ख्रिस्ती ओवीला चारशेहून जास्त वर्षं झाली.

पुढे अहमदनगर भागात अमेरिकन मिशनचं काम वाढलं तेव्हा पाश्चात्त्य चालींवर बसवलेली भाषांतरित गीतं आली. त्यांत काही सुंदर आहेत, तीही जरूर गा. पण पुष्कळ ठिकाणी शब्द चालीशी भांडतात. इंग्रजी चालीत जोर ठरावीक ठोक्यावर पडतो, आणि मराठीत ऱ्हस्व-दीर्घ पाळावं लागतं. मग ऱ्हस्व अक्षर ताणलं जातं, दीर्घ अक्षर घाईत उरकलं जातं, आणि 'परमेश्वर' मधेच तुटून 'पर' एका ओळीत आणि 'मेश्वर' दुसऱ्या ओळीत जातो. म्हणणाऱ्याला अर्थ लागत नाही तो इथे. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी म्हणूनच मराठी पदं आणि कीर्तनं रचली. नंतर आले रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्म १८६१, बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत. ते आधीपासून कवी होते आणि कीर्तनाची परंपरा त्यांच्या अंगात मुरलेली होती. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. आपल्या 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली कितीतरी गीतं त्यांची आहेत. येशूच्या चरित्रावरचं त्यांचं काव्य 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेऊन पूर्ण केलं. कॅथलिक मंडळींत मिस्सा, म्हणजे त्यांची मुख्य उपासना, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२-६५) लॅटिनमध्ये होत असे. ती मराठीत आल्यावर तिकडेही मराठी गीतांना मोठी जागा मिळाली.

आता तुझं भजन. आधी छंद ओळखायला शीक. अक्षरं मोज, जोडाक्षर एकच धरायचं, म्हणजे 'तुझ्या' ही दोन अक्षरं. मोठ्या अभंगात एका कडव्याचे चार चरण, सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्यात. नमुन्यासाठी मीच जुळवलेलं हे कडवं बघ:

दारी आलो तुझ्या । रिकाम्या हाताने ।
भरल्या मनाने । गातो देवा ॥

लहान अभंगात दोनच चरण, बहुधा आठ-आठ अक्षरांचे, आणि दोन्ही शेवटी जुळतात:

तुझा हात माझ्या हाती । नाही अंधाराची भीती ॥

हे कळलं की श्वास कुठे घ्यायचा ते आपोआप कळतं. मोठ्या अभंगात तो चरण संपल्यावरच घे.  

गीत चार-पाच कडव्यांचं निवड. जास्त लांब असेल तर कडवी गाळायचा मोह होतो आणि लोक बहुतेक शेवटचंच गाळतात. ते करू नकोस. अभंगाच्या शेवटच्या कडव्यात कवी स्वतःचं नाव घालून देवाशी बोलतो, तुकोबांचं 'तुका म्हणे' असतं तसं टिळकांच्या कित्येक अभंगांत 'दास म्हणे' येतं. सगळ्या गीताचा अर्थ तिथे येऊन बसतो. गाळायचंच झालं तर मधलं एखादं गाळ, आणि ते आधी पाळकसाहेबांना विचारून.

पट्टी ठरवताना सगळ्यांत उंच जाणारी ओळ आधी म्हणून बघ, ती बहुधा अंतऱ्यात असते. तिथे तुझा गळा ताणला जात असेल तर एक-दोन पट्ट्या खाली ये. चालवणारा आपल्या गळ्याच्या सोयीने उंच धरतो आणि मग खोलीतले काका-आजोबा दुसऱ्या कडव्यापासून गप्प होतात, हे फार ठिकाणी घडतं. भजन सगळ्यांचं असतं, त्यामुळे तुला जरा खालचं वाटलं तरी चालेल. पेटीवाल्या काकांना पट्टी आदल्या दिवशीच सांगून ठेव.

ताल बहुतेक भजनी ठेका असतो, आठ मात्रांचा. टाळ वाजवणाऱ्यांना प्रेमाने सांग की पहिल्यांदा ध्रुपद, म्हणजे कडव्यागणिक परत येणारी ओळ, होईपर्यंत टाळ नको. नवखे लोक प्रत्येक मात्रेवर सारख्याच जोराने वाजवतात आणि शब्द बुडतात. ज्या उपासनेत शब्द ऐकू येत नाहीत तिथे नुसता आवाज उरतो, म्हणून याबाबतीत भीड धरू नकोस.

चालवायचं असं. गीताचा क्रमांक दोनदा सांग आणि पहिली ओळही वाच, कारण पुस्तकाची आवृत्ती वेगळी असली तर क्रमांक जुळेलच असं नाही. लोकांना पान काढायला वेळ दे. मग पुस्तकात 'ध्रु.' लिहिलेली ओळ तू एकटा म्हण, ती सगळ्यांनी परत म्हणायची, असं दोनदा. त्यानंतर प्रत्येक कडवं आधी तू, मागून सगळे, आणि कडव्याच्या शेवटी पुन्हा ध्रुपद. लय हळूहळू वाढते, ते साहजिक आहे. पण शब्दांचे शेवट गिळले जायला लागले की समज जास्त वाढली. तेव्हा तबल्याकडे बघून हाताने खूण कर, तोंडाने ओरडून सांगू नकोस. शेवटी ध्रुपद तीनदा, तिसऱ्या वेळी संथ. त्यानंतर लगेच पुस्तक मिटून खुर्ची सरकवू नकोस. पुढे प्रार्थना सुरू होणार असते, तोवर दोन-तीन श्वास शांत राहा.

सभेचा क्रम बहुधा असा असतो: गीत, शास्त्रवाचन, थोडा बोध, प्रार्थना, मग सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना आणि पाळकांचा आशीर्वाद. तुझं भजन वाचनाच्या आधी असेल तर वाचनाचा उतारा विचारून घे आणि त्याला जुळणारं गीत काढ. स्तोत्र २३ असेल तर मेंढपाळाचं, पश्चात्तापाचा उतारा असेल तर क्षमेचं. ईस्टरआधीच्या, प्रभूच्या दुःखसहनाच्या आठवड्यात उल्हासाचं नाताळगीत काढलं की सभा गोंधळते.

सतरंजीवर बसायचं असलं तर चपला दाराबाहेर ठेव. कोणी "सलाम" किंवा "जय ख्रिस्त" म्हणालं तर तेच परत म्हण. आजी-आजोबा मंडळींना पुस्तक मोठ्या अक्षरांचं मिळेल असं बघ.

गीत ठरलं की मला कळव. शनिवारी फोनवर ध्रुपद आणि सर्वांत उंच ओळ, एवढं दोनच म्हणून दाखव. पट्टी तेव्हाच ठरवू.

तुझी,
आई