फॉरवर्ड व्हायचंय? आधी रिबाउंड

कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये नवीन आहेस, तर तीन पॉइंटच्या 6.75 मीटरच्या रेषेचा नाद सध्या सोड. तुला मैदानावर ठेवेल तो रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटचा परत आलेला बॉल पकडणं. शॉट सुटला की सगळे बॉलकडे बघतात. चूक तिथेच होते. आधी आपला माणूस, म्हणजे तू ज्याला अडवतोयस तो समोरच्या टीमचा खेळाडू, शोध, छातीशी आडवा धरलेला हात त्याला टेकव, मग वळून कंबर खाली घे आणि त्याला पाठीवर अडव. उडी त्यानंतर. हाताने मागे ढकललंस की फाउल, आणि पाच झाले की तू बाहेर! कोपऱ्यातून चुकलेला शॉट बहुतेक वेळा पलीकडच्या बाजूला पडतो, म्हणून तिथली जागा आधीच धर.

शूटिंग रिंगपासून दोन मीटरवर सुरू कर. पाच जागा, प्रत्येकी दहा बास्केट, मगच एक पाऊल मागे. लांबून सुरू केलंस तर ताकद कमी पडते, खांद्यातून फेकायची सवय लागते आणि ती सुटता सुटत नाही.

कॉलेजचा सराव झाला तरी गल्लीतलं मैदान सोडू नकोस. मुंबईत असशील तर नागपाड्याला जा. तिथली जुनी मंडळी धक्का देतात, पण शिकवतातही. फक्त सिमेंटवर रोज उड्या मारू नकोस, गुडघे बोलायला लागतात.