झेंडावंदन आणि पदकाचा क्षण

नागोया, जपान

चि. सई हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

सुटी असूनही १५ ऑगस्टला आजोबा भल्या सकाळी उठवून, आंघोळ करायला लावून शाळेच्या मैदानावर झेंडावंदनाला का नेतात, आणि आपल्या खेळाडूला सुवर्णपदक मिळाले की घरातल्या घरात टीव्हीसमोर उठून उभे का राहतात, असे तू विचारले आहेस. या दोन्हींमागचे कारण एकच आहे.

१९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा संघ गेला, त्याची सुरुवात आपल्या पुण्यात झाली. डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुले पाहून सर दोराबजी टाटा यांनी संघ पाठवण्याचे मनावर घेतले आणि त्या संघातून बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. मात्र या खेळाडूंचा देश पारतंत्र्यात होता आणि स्वतःचा म्हणावा असा ध्वज त्यांच्यापाशी नव्हता.

१९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हॉकीचा अंतिम सामना पावसामुळे एक दिवस पुढे ढकलला गेला आणि नेमका १५ ऑगस्टला झाला, ज्या तारखेला तेव्हा काहीच महत्त्व नव्हते. सरावाच्या सामन्यात जर्मनीने आपल्याला ४-१ असे हरवले होते, त्यामुळे खेळाडूंवर दडपण होते. मैदानात उतरण्यापूर्वी संघाचे सहाय्यक व्यवस्थापक पंकज गुप्ता यांनी काँग्रेसचा तिरंगा काढून समोर धरला, सर्वांनी त्याला वंदन केले आणि ध्यानचंद यांच्या संघाने तो सामना ८-१ असा जिंकला. ज्या ध्वजाला खोलीच्या आत वंदन करावे लागले, तो बाहेर मैदानावर त्यांच्यासाठी फडकू शकत नव्हता, हे वाचताना मला आजही भरून येते. पुढे १२ ऑगस्ट १९४८ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर आपण ब्रिटनलाच ४-० असे हरवले, तेव्हा स्वातंत्र्याला वर्ष पूर्ण व्हायला तीन दिवस बाकी होते आणि वर चढला तो आपला तिरंगा.

आजोबांच्या वडिलांनी हा सगळा काळ पाहिला होता आणि उभे राहण्याची सवय आजोबांना त्यांच्याकडूनच लागली. या शनिवारी मैदानावर गेलीस की दोरीकडे नीट लक्ष दे. २६ जानेवारीला ध्वज काठीच्या टोकाशी आधीच बांधलेला असतो आणि दोरी ओढून तो उलगडतात. १५ ऑगस्टला मात्र तो खालून वर चढवायचा असतो. पदक देतानाही ध्वज तसाच खालून वर जातो. राष्ट्रगीत सुवर्णविजेत्याचे वाजते, परंतु ध्वज तिन्ही विजेत्यांचे चढतात. म्हणून बालेवाडीत सराव केलेल्या स्वप्नील कुसाळे यांना २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळाले, तेव्हाही आजोबा उभे राहिले होते.

आशियाई स्पर्धा येथे १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर या काळात होणार आहेत आणि त्यांत कबड्डीही आहे. येथील घड्याळ पुण्याच्या साडेतीन तास पुढे असते, म्हणजे येथे संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना तुम्हाला दुपारी साडेतीनला दिसेल. आजोबांना वामकुक्षीतून वेळेवर उठवण्याचे काम तुझ्याकडे.

तुझी,
आई