पुण्यात नोकरी करणाऱ्या आई-वडिलांनी दीड आणि चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसभराचे पाळणाघर कसे शोधावे?
शोधाची सुरुवात स्वतःच्या कार्यालयापासून करावी, कारण मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन घातले आणि आईला दिवसातून ४ वेळा तेथे जाण्याची मुभाही दिली. काही कंपन्या ही सोय बाहेरच्या पाळणाघराशी करार करून देतात, पण आपण होऊन विचारल्याशिवाय ते सहसा कळत नाही.

तशी सोय नसेल, तर पाळणाघर कार्यालयाजवळ न पाहता घराजवळ पाहावे, असे माझे मत आहे. थोरल्याची बालवाडी दुपारी सुटल्यावर त्याला पाळणाघरात कोण पोहोचवणार, हा खरा अडचणीचा प्रश्न असतो आणि घर कोथरूडला व पाळणाघर हिंजवडीला असेल, तर तो सुटत नाही.

पाहणीसाठी सकाळी न जाता संध्याकाळी, सांभाळणाऱ्या मावशी दमलेल्या असतात त्या वेळी जावे. एका मावशींकडे किती मुले असतात, ताप आलेल्या मुलाचे काय करतात, दिवाळीत आणि मे महिन्यात किती दिवस बंद असते आणि वाहतुकीमुळे पालकांना उशीर झाल्यास कोण थांबते, हे आधीच लेखी घ्यावे. दुसऱ्या भावंडासाठी शुल्कात सवलत मागण्यात संकोच नसावा. दोघांचे शुल्क मिळून घरी येऊन सांभाळणाऱ्या बाईंच्या पगाराइतके होत असेल, तरीही मी पाळणाघरच निवडेन, कारण बाई अचानक गावी गेल्या की रजा आई-वडिलांपैकी एकाला घ्यावी लागते, आणि बहुतेक घरांत ती आईच घेते.