मोठ्याचा ट्रान्सप्लांट झालाय, घरात दोन वर्षांची धाकटी आहे: तिला दूर ठेवायचं का?

तुमच्या ५ वर्षांच्या मुलाचा बोन मॅरो ट्रान्सप्लांट झाला, काउंट आले, दोन आठवड्यांत घरी सोडतील. डोनर ८ वर्षांची मोठी मुलगी, आणि घरात २ वर्षांची धाकटी, जी पाळणाघरात जाते. पहिले १०० दिवस धाकटीला आजीकडे ठेवावं का, हा तुमचा मुख्य प्रश्न.

माझं मत: टीमने खास कारण देऊन सांगितलं नसेल, तर ठेवू नका. धाकटी घरीच राहू दे. मात्र ती आजारी पडेल त्या दिवशी काय करायचं हे आजच ठरवून ठेवा. ती आजारी पडणार हे धरूनच चला.

कारण सांगते ते १०० दिवसांच्या आकड्याबद्दल. काउंट आले म्हणजे न्यूट्रोफिल सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिले. जंतूंशी झुंजणाऱ्या पेशींपैकी ही फक्त एक फळी. विषाणूंशी लढणाऱ्या टी पेशी आणि प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी नीट उभ्या राहायला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहूनही जास्त लागतं. जीव्हीएचडीसाठी, म्हणजे डोनरच्या पेशी मुलाच्याच शरीरावर हल्ला करतात त्या त्रासासाठी, स्टिरॉइड चालू असतील तर आणखी उशीर. म्हणजे १०० व्या दिवशी धाकटी परत आली तरी धोका संपलेला नसतो, आणि हात धुण्याची, वेगळं राहण्याची सवय तिला लागलेली नसते. शिवाय २ वर्षांच्या मुलाला ‘तीन महिने’ कळत नाहीत. तिच्या लेखी आईबाबा नाहीसे झाले, एवढंच.

पाळणाघराची गोष्ट वेगळी. मोठीची शाळा बहुतेक टीम चालू ठेवू देतात. पण २ वर्षांची मुलं एकमेकांची खेळणी तोंडात घालतात, नाकाला हात लावून तोच हात सगळीकडे पुसतात. निदान पहिले काही महिने पाळणाघर बंद ठेवता आलं तर ठेवा. नाहीच जमलं तर घरात शिरल्या शिरल्या हातपाय, तोंड धुणं आणि कपडे बदलणं, मग दादाजवळ जाणं.

आता आजारपणाची तयारी. एक खोली ‘आजाऱ्याची खोली’ म्हणून ठरवा आणि धाकटीबरोबर तिथे राहणारा एक मोठा माणूसही ठरवा. तिचं नाक वाहायला लागलं की संध्याकाळपर्यंत वाट बघायची नाही, त्याच तासाला ती आणि तो माणूस त्या खोलीत, नाहीतर तेवढ्या दिवसांपुरते आजीकडे. तीन महिन्यांऐवजी पाच-सात दिवस आजीकडे, हे तिला सहज पेलतं. टीमला त्याच दिवशी कळवा आणि परत एकत्र कधी आणायचं ते त्यांनाच विचारा, कारण लहान मुलं बरी दिसायला लागल्यावरही काही दिवस विषाणू सोडत असतात. आरएसव्ही किंवा अ‍ॅडेनोव्हायरस तिच्यासाठी साधी सर्दी, त्याच्यासाठी न्यूमोनिया होऊ शकतो. मास्क तिच्या चेहऱ्यावर दहा मिनिटंही टिकणार नाही, त्यामुळे तिला सांभाळणाऱ्या मोठ्या माणसाने लावायचा आणि त्याने मुलाची औषधं, लाइन (छातीतून मोठ्या शिरेत घातलेली नळी) यांना हात लावायचा नाही.

रोजच्या गोष्टींत सगळ्यात जास्त फळ देणारी एकच: हात. साबणाने २० सेकंद, बोटांच्या मधे आणि नखांखाली. डायपर बदलण्याची जागा त्याच्या जेवणाच्या आणि औषधांच्या जागेपासून लांब, शक्यतो दुसऱ्या खोलीत. पाण्याची बाटली, चमचा, टूथब्रश, टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, आणि टूथब्रश एकाच ग्लासात डोकं टेकवून उभे नकोत. धाकटीला दादाची पापी घ्यायची असेल तर डोक्यावर किंवा पाठीवर, तोंडावर नाही. दोन वर्षांची मुलं हे चटकन शिकतात, पण ‘नको’ म्हणून नाही शिकत. जागा दाखवली की शिकतात. ज्या मोठ्या माणसाला ओठावर हर्पीसचे फोड येतात, त्याने फोड असताना पापी अजिबात घ्यायची नाही.

लसींबद्दल घोळ होतो, म्हणून नीट लिहिते. मुलाच्या आधीच्या सगळ्या लसी आता नाहीतच असं धरायचं. त्याचं लसीकरण टीम नव्याने सुरू करते, आणि जिवंत लसी साधारण दोन वर्षांनी, तेही जीव्हीएचडी नसेल आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं बंद झाली असतील तरच. बहिणींच्या लसी मात्र थांबवायच्या नाहीत, त्या लसी म्हणजे त्याच्याभोवतीचं कुंपण आहे. अपवाद तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या पोलिओचा: त्यातला जिवंत विषाणू शौचातून बाहेर पडतो, म्हणून घरातल्या कोणालाही तो डोस नको, त्याऐवजी इंजेक्शनचा पोलिओ. चुकून दिला गेलाच तर लगेच टीमला कळवा. घरात रोटाव्हायरसची लस घेतलेलं तान्हं बाळ येणार असेल तर पुढचे चार आठवडे त्याच्या डायपरशी तुमच्या मुलाचा संबंध नको. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस बहिणींना चालते. कांजिण्यांचीही चालते, फक्त लसीनंतर अंगावर पुरळ आलं तर ते वाळेपर्यंत वेगळं ठेवायचं. फ्लूची लस घरातल्या सगळ्यांनी दरवर्षी घ्यायची, नाकात फवारायची नको, इंजेक्शनचीच.

शाळेला आणि पाळणाघराला लेखी कळवून ठेवा की वर्गात कांजिण्या किंवा गोवर निघाला तर त्याच दिवशी फोन हवा. कांजिण्या पुरळ येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरतात. तुमच्या मुलाचा थेट संपर्क आला तर त्याला प्रतिपिंडांचं इंजेक्शन द्यावं लागू शकतं, आणि ते जितकं लवकर तितकं चांगलं. बहिणीचा संपर्क आला आणि तिला लस झालेली नसेल, तर संपर्कानंतर ८ व्या ते २१ व्या दिवसापर्यंत ती त्याच्यापासून वेगळी राहायला हवी.

ताप. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, किंवा टीमने दिलेला आकडा. तो दिसला की फोन, रात्रीचे तीन वाजले असले तरी. फोनवर बोलण्याआधी पॅरासिटामॉल द्यायचं नाही, कारण ताप झाकला जातो आणि खरं आजारपण आतल्या आत वाढत राहतं. आयब्युप्रोफेन तर नाहीच, ते प्लेटलेट आणि किडनी दोघांना त्रास देतं. तापमान काखेत, कानात किंवा टीम सांगेल तिथे घ्या, गुदद्वारातून कधीही नाही. आणि थर्मामीटर वेगळा ठेवा, धाकटीचा वेगळा.

लाइन आणि दोन वर्षांची मुलगी एकाच गादीवर, ही काळजी अगदी रास्त आहे. लोंबणारी नळी तिच्या मुठीत सहज येते. लाइन छातीवर वळसा घालून टेपने पक्की करा, त्यावर अंगाला बसणारं बनियन, आणि टोकं छोट्या कापडी पिशवीत. ओढ बसली तर ती टेपवर बसली पाहिजे, टाक्यावर नाही. लाइनजवळ कात्री कधीच नाही, ड्रेसिंग काढतानाही नाही. आणीबाणीची एक पिशवी कायम मुलाबरोबर असावी: बोथट टोकाचे दोन क्लॅम्प (नळी बंद करायचे चिमटे), निर्जंतुक गॉज, टेप, टीमचा नंबर. नळी फाटली तर फाटलेल्या जागेच्या आणि शरीराच्या मधे क्लॅम्प लावायचा. लाइन पूर्ण बाहेर आली तर त्वचेतून जिथून निघाली ती जागा आणि वर गळ्याजवळ जिथे ती शिरेत शिरते ती जागा, दोन्ही दाबून धरायच्या आणि निघायचं. फ्लश केल्यावर, म्हणजे लाइनमधून सलाइन सोडून ती धुतल्यावर, तासाभरात थंडी वाजून हुडहुडी भरली, तर ताप नसला तरी फोन करा. लाइनमधल्या जंतुसंसर्गाची ती नेहमीची खूण आहे.

औषधांवर सगळ्यात जास्त वेळ द्या. घरी आल्यावर खऱ्या चुका इथेच होतात. टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सस्पेन्शन, म्हणजे हलवून घ्यायचं पातळ औषध, या रूपात असेल तर बाटलीच्या तळाशी पांढरा थर बसलेला दिसेल. न हलवता सिरिंज भरली तर सुरुवातीचे डोस कमी ताकदीचे आणि शेवटचे फार जास्त, आणि मग रक्तातली पातळी का नाचतेय ते कोणालाच कळत नाही. प्रत्येक वेळी तो थर पूर्ण मिसळेपर्यंत हलवा. सिरिंजमधला बुडबुडा टिचकी मारून वर काढा, ढकलून बाहेर घालवा, मग दट्ट्याची कड रेघेवर आणा. दुसरी चूक ताकदीची: एका औषधालयाचं सस्पेन्शन मिलीलीटरला ०.५ मिलिग्रॅम, दुसऱ्याचं १ मिलिग्रॅम. बाटली बदलली आणि तेवढेच मिलीलीटर दिले की डोस दुप्पट. म्हणून तक्त्यात मिलिग्रॅम आणि मिलीलीटर दोन्ही लिहा, आणि नवी बाटली आली की लेबल दोघांनी वाचा.

रक्तातली पातळी तपासायची त्या सकाळी रक्त घेतल्यानंतरच डोस द्यायचा, म्हणून तो बरोबर न्या. दवाखान्यात टॅक्रोलिमस किंवा त्याच प्रकारचं सायक्लोस्पोरिन लाइनच्या ज्या टोकातून दिलं असेल, त्या टोकातून पातळीचं रक्त घेतलं तर आकडा खोटा जास्त येतो. ते टोक कुठलं हे डिस्चार्जच्या वेळी विचारून लिहून ठेवा. जुलाब लागले की टॅक्रोलिमसची पातळी वाढते. लोकांना उलटं वाटतं, औषध वाहून गेलं असेल असं वाटतं, म्हणून जुलाब असताना मनाने जास्तीचा डोस कधीही नाही. बुरशीविरोधी गोळी सुरू किंवा बंद केली तरी पातळी हलते. ग्रेपफ्रूट आणि पपनस दोन्ही बंद. दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेलं औषध, जडीबुटी, टॉनिक, काहीही टीमला विचारल्याशिवाय नको. सायक्लोस्पोरिनचं द्रावण फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. मायकोफेनोलेट हेही प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, ते असेल आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिने ते हाताळू नये. डोसनंतर उलटी झाली तर किती मिनिटांच्या आत झाल्यास पुन्हा द्यायचं, हा नियम औषधागणिक टीमकडून लिहून घ्या. धाकटीची सर्दीची बाटली आणि त्याच्या बाटल्या एका कप्प्यात अजिबात नकोत. अर्ध्या झोपेत हात चुकतो.

पाणी. ही औषधं किडनीवर भार टाकतात, म्हणून दिवसाचं लक्ष्य टीमकडून आकड्यात घ्या. अंदाज हवा असेल तर साधं गणित असं: पहिल्या १० किलोला किलोमागे १०० मिली, पुढच्या १० किलोला किलोमागे ५०. म्हणजे १६ किलोच्या मुलाला १३०० मिली. नाकातून नळी असेल तर तिची लाज वाटू देऊ नका, जबरदस्तीच्या घासापेक्षा नळी बरी. जेवण ताजं शिजवलेलं, दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिलेलं नको. अंडं पूर्ण शिजलेलं, दूध पाश्चराइज्ड, प्रोबायोटिक नको.

घर रोज जंतुनाशकाने घासत बसू नका. घासूनपुसून तुम्ही थकाल आणि थकलेला माणूस डोस चुकवतो. खरी काळजी बुरशीची: घरात किंवा शेजारी तोडफोड, ओलसर भिंत, कुंड्यांमधली माती, धूळ झाडणं. कुंड्या बाहेर, झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणं. उन्हात टोपी, लांब बाह्या आणि किमान एसपीएफ ३०, कारण उन्हाने त्वचेची जीव्हीएचडी उफाळू शकते. तळहात, तळपाय, कानामागे लाली दिसली, डोळे पिवळे झाले, शौचाला वाढलं, तर घामोळं किंवा पोट बिघडलं म्हणून सोडून देऊ नका. जुलाब किती वेळा आणि किती, दोन्ही लिहा: डायपर वापरत असाल तर वजन करा, १ ग्रॅम म्हणजे जवळपास १ मिली.

स्टिरॉइड चालू असतील तर भूक, झोप, राग तिन्ही बदलतात. डोस सकाळी, खाऊन. अचानक बंद कधीच नाही. रक्तदाब मोजायला लहान मुलांचाच पट्टा हवा, मोठ्यांच्या पट्ट्याने आकडा खोटा कमी येतो. डोकं दुखणं, धूसर दिसणं किंवा झटका यांबरोबर वाढलेला रक्तदाब म्हणजे ताबडतोब दवाखाना.

तो बहिणीवर ओरडेल, वस्तू फेकेल. औषधाने राग येतो हे बहिणींना सांगा, पण मारायचं नाही हा नियम त्याच्यासाठीही तोच ठेवा. नियम सुटले की मूल घाबरतं, त्याला वाटतं मी फारच आजारी असणार.

मोठीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मला काळजी तिची जास्त वाटते. ‘तू भावाला वाचवलंस’ हे वाक्य कौतुक म्हणून बोललं जातं. पुढे जीव्हीएचडी झाली तर तिच्या मनात त्याचं उलटं वाक्य तयार होतं: माझ्या पेशींनी त्याला त्रास दिला. म्हणून आजच सांगा, तुझं काम तू त्या दिवशीच पूर्ण केलंस, पुढे काय होईल ते डॉक्टरांचं आणि औषधांचं काम. ‘मॅच नीट नव्हती’, ‘तिच्या पेशी भांडतायत’ अशी वाक्यं तिच्यासमोर फोनवरही नकोत. धाकटीलाही सोप्या शब्दांत सांगा की दादा आजारी पडला तो तू काही केलंस म्हणून नाही. या वयात मुलं आपल्या रागाचा आणि दुसऱ्याच्या आजाराचा संबंध जोडतात. ती पुन्हा गादी ओली करेल, बाटली मागेल. बाटली द्या. दोघींना रोज १५ मिनिटं, एकेकीला वेगळी, फोन दुसऱ्याच्या हातात देऊन.

उरलेल्या दोन आठवड्यांत दवाखान्यातच एक करा: सगळी औषधं सिस्टरसमोर तुम्ही स्वतः भरा, सलग तीन दिवस, आणि घरातल्या दुसऱ्या माणसानेही. फ्लश आणि क्लॅम्पही तसंच. एका कार्डावर निदान, ट्रान्सप्लांटची तारीख, औषधं, अ‍ॅलर्जी, टीमचा रात्रीचा नंबर लिहा आणि ठळक अक्षरांत हेही, की रक्त किंवा प्लेटलेट द्यायचे झाले तर इरॅडिएटेडच, म्हणजे किरणांची प्रक्रिया केलेलेच. तुमचा दवाखाना सोडून दुसरीकडे धावावं लागलं तर तिथल्या माणसाला हे माहीत असेलच असं नाही. कार्डाच्या दोन प्रती काढा, एक लाइनच्या पिशवीत आणि एक आजीकडे.