कोर्टात साक्षीदाराचा उलटतपास घ्यायला कसं शिकायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एलएलबी होऊन दीड वर्ष झालं, तालुका कोर्टात सिनियरच्या हाताखाली आहात. तारखा घेता, अर्ज लिहिता, पण साक्षीदार समोर उभा राहिला की काय विचारायचं ते सुचत नाही. डिपॉझिशनचे अमेरिकन व्हिडिओ पाहूनही उपयोग झाला नाही. आणि इंग्रजी कच्चं आहे, त्यामुळे अडेल का?

मी पश्चिम महाराष्ट्रात तालुका आणि जिल्हा कोर्टात सतरा वर्षं काम करते, निम्मं दिवाणी, निम्मं फौजदारी. तेव्हा सांगते ते तिथलं. मुंबईच्या मोठ्या कमर्शियल दाव्यांचं गणित वेगळं असतं.

आधी त्या व्हिडिओंचं बघू. अमेरिकेत डिपॉझिशन म्हणजे खटला कोर्टापुढे उभा राहण्याआधी, बहुधा वकिलाच्या ऑफिसात, न्यायाधीश समोर नसताना घेतलेली शपथेवरची जबानी. तिथल्या फेडरल दिवाणी नियमांत एका साक्षीदाराला एक दिवस, सात तास अशी मर्यादा आहे, आणि प्रत्येक प्रश्न नि प्रत्येक उत्तर शब्दशः टिपलं जातं. आपल्याकडे डिपॉझिशन म्हणजे साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून देतो ती साक्ष आणि तिचा कागद. दिवाणीत २००२ च्या दुरुस्तीनंतर सरतपासणी (साक्षीदाराला बोलावणाऱ्या बाजूने घेतलेली साक्ष) प्रतिज्ञापत्रावर येते आणि कधीकधी उलटतपास (समोरच्या वकिलाने विचारलेले प्रश्न) कोर्टाने नेमलेल्या कमिशनरपुढे होतो. तेवढ्यापुरतं ते चित्र थोडंफार जुळतं, बाकी नाही.

आणि खरा फरक पुढेच आहे. आपल्याकडे साक्ष साधारणपणे कथनाच्या रूपात लिहिली जाते. तुम्ही प्रश्न विचारता, साक्षीदार काहीतरी बोलतो, साहेब, म्हणजे न्यायाधीश, ते ऐकून स्टेनोला एक वाक्य सांगतात. तुमचा प्रश्न गायब होतो. साक्षीदाराचा चेहरा, त्याचं अडखळणं, वादीकडे चोरून बघणं, सगळं गायब. उरतं ते साहेबांनी सांगितलेलं वाक्य. दोन वर्षांनी युक्तिवाद होईल तेव्हा बहुधा साहेबही बदललेले असतील, त्यांच्यासमोर फक्त ते वाक्य असेल. माझ्या मते उलटतपास शिकणं म्हणजे ते वाक्य आपल्याला हवं तसं कागदावर उतरवायला शिकणं. आवाज, हातवारे, रुबाब हे सगळं त्यानंतर.

हे मला चौथ्या वर्षी कळलं, तेही फटका बसल्यावर. बांधाचा वाद, कायम मनाईचा दावा, मी प्रतिवादीकडून. वादीचं म्हणणं, बारा जूनला सकाळी आमच्या अशिलाने बांध कोरला. वादीचा साक्षीदार शेजारचाच शेतकरी. मी आधी त्याला मोजणीबद्दल विचारलं, मोजणी मार्चमध्ये झाली होती. नोटीस मिळाली होती का, वगैरे. मग एकदम विषय बदलून विचारलं, "आणि त्या दिवशी तर तुम्ही गावात नव्हतातच ना?" माझ्या डोक्यात बारा जून. त्यानं टोपी काढली, कपाळ पुसलं, वादीकडे बघितलं आणि म्हणाला, "नव्हतो. सासुरवाडीला गेलो होतो." कोर्टात दोन वकील माझ्याकडे बघून हसले. मी खाली बसले ती जिंकल्यासारखीच. कागदावर काय आलं? "मोजणीची नोटीस मला मिळाली होती. त्या दिवशी मी गावात नव्हतो. मी सासुरवाडीला गेलो होतो." युक्तिवादाच्या वेळी समोरच्या म्हाताऱ्या वकिलांनी ही तीन वाक्यं एका दमात वाचून दाखवली आणि शांतपणे म्हणाले, साक्षीदार मोजणीच्या दिवशी नव्हता, त्याबद्दल आमची तक्रारच नाही. निकालपत्रात आलं की घटनेच्या दिवशी साक्षीदार गैरहजर होता हे शाबीत होत नाही. मला एक शब्द महागात पडला, "त्या".

तेव्हापासून माझ्या प्रश्नात "त्या दिवशी", "तिथे", "तो" हे शब्द नसतात. "१२ जूनला सकाळी तुम्ही गावात नव्हता" असंच विचारते. ऐकायला बोजड वाटतं, कोणी हसतंही. हसू दे.

हे टाळायला मी कशी तयारी करते ते सांगते. वहीचं पान उभं दुमडायचं. डाव्या बाजूला युक्तिवादात मला जे वाक्य वाचून दाखवायचंय ते लिहायचं, साक्षीदाराच्या तोंडी, "मी" लावून. उजव्या बाजूला ते वाक्य निघेल असा प्रश्न. डावी बाजू भरल्याशिवाय उजवीला हात लावायचा नाही. डावीकडे काही सुचत नसेल तर तो साक्षीदार आपल्या कामाचा नाही. अशा वेळी चार सूचना घालून, म्हणजे आपलं म्हणणं त्याच्यापुढे ठेवून ते खरं आहे का एवढंच विचारून, बसून घ्यावं.

उलटतपासात उत्तर सुचवणारे प्रश्न चालतात हे तुम्ही शिकलाच आहात (१८७२ च्या जुन्या पुरावा कायद्यात कलम १४३, नव्या भारतीय साक्ष अधिनियमात १४६, नवा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू, पण त्याआधी सुरू झालेल्या खटल्यांना अजून जुनाच). त्याचा खरा फायदा आपल्या पद्धतीत असा की साक्षीदार "हो" म्हणाला तर साहेब सांगतात, "हे म्हणणे खरे आहे की, घटनास्थळी विजेचा खांब नाही." म्हणजे वाक्य जवळजवळ तुमच्याच शब्दांत उतरतं. म्हणून प्रश्न लहान आणि एकाच गोष्टीचा हवा. दोन गोष्टी एका प्रश्नात कोंबल्या की तो एकीला हो म्हणतो, दुसरीला नाही, आणि साहेबांना वाक्य जुळवताना नाइलाजाने काहीतरी तिसरंच लिहावं लागतं.

आता सूचनांबद्दल. "हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे." अशी वीस वाक्यं लागोपाठ घेऊन नवखे वकील बाहेर येऊन सांगतात, मस्त क्रॉस झाला. नाकारलेली सूचना हा पुरावा नाही. आपली बाजू साक्षीदारापुढे ठेवली एवढाच तिचा अर्थ. ती ठेवावी लागते, नाहीतर त्याचं म्हणणं तुम्ही आव्हान न देता मान्य केलं असं धरलं जाऊ शकतं. पण तिला धारही आहे, तीही उलट्या बाजूने. आरोपीच्या वकिलाने घातलेल्या सूचनेतून आरोपीविरुद्ध काही निघत असेल तर ते आरोपीवर बंधनकारक ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खून खटल्यात सांगितलं. "तुम्हीच आधी अंगावर धावून गेलात, म्हणून आरोपीने ढकललं" असं सहज बोलून जाल. त्यात आरोपी जागेवर होता आणि त्याने हात लावला, हे दोन्ही तुम्हीच देऊन टाकलंत. आरोपी तिथे नव्हताच असा बचाव असेल तर संपलं.

फौजदारीत सगळ्यात जास्त चुका होतात त्या ओमिशन, म्हणजे कोर्टात सांगितलेली पण पोलिसांच्या जबाबात नसलेली गोष्ट, शाबीत करताना. समजा साक्षीदार कोर्टात म्हणाला, आरोपीच्या हातात कोयता होता. पोलिसांनी घेतलेल्या जबाबात कोयत्याचं नाव नाही. आता तो जबाब वाचून दाखवून "बघा, नाहीये" म्हणायचं नसतं. आधी विचारायचं, कोयत्याची गोष्ट तुम्ही पोलिसांना सांगितली होती का. तो म्हणणार, सांगितली होती. मग त्याचं लक्ष जबाबाकडे वेधायचं. मग आपल्या कोर्टांतलं ते प्रसिद्ध वाक्य येतं: "सदरची बाब माझ्या जबाबात का नमूद नाही याचे कारण मला सांगता येणार नाही." इथे बहुतेक ज्युनियर समाधानाने खाली बसतात. काम अर्धंच झालेलं असतं. तपासी अंमलदार साक्षीला येईल तेव्हा त्याच्याकडून "या साक्षीदाराने जबाब देताना मला कोयत्याबाबत सांगितले नव्हते" हे यायलाच हवं. ते राहिलं तर ओमिशन शाबीत झालं नाही. दोन साक्षींत आठ-दहा महिने गेलेले असतात, मधल्या काळात फाइल दुसऱ्या ज्युनियरच्या हाती गेलेली असते, आणि नेमकं हेच राहतं. म्हणून फाइलच्या आतल्या पुठ्ठ्यावर मी फक्त तपासी अंमलदारासाठी यादी ठेवते, साक्षीदार क्रमांक आणि ओमिशन, आणि ज्या दिवशी साक्ष होते त्याच दिवशी ती भरते. जबाबाच्या अगदी उलट कोर्टात सांगितलं असेल तर तो मजकूर "पोर्शन मार्क ए" म्हणून दाखवून घ्यायचा, पुढे तपासी अंमलदाराकडून शाबीत करून त्याला निशाणी (पुराव्याचा क्रमांक) द्यायची. प्रत्येक ओमिशन कामाचं नसतं हेही लक्षात ठेवा. शर्टाचा रंग सांगितला नाही यावरून कोणी सुटत नाही. याचा पाया म्हणून तहसीलदार सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य हा १९५९ चा निकाल एकदा नीट बसून वाचा, भाषांतर मिळालं तर भाषांतर.

कागदावर वाक्य चुकीचं उतरतंय असं दिसलं तर तिथल्या तिथे बोलायचं. भांडायचं नाही. "साहेब, तारीख घ्यावी, विनंती," एवढं पुरतं. साक्षीदाराचा नेमकाच शब्द महत्त्वाचा असेल तर तोच शब्द घ्यायला सांगायचा. आमच्याकडे साक्षीदार म्हणतो "तो तिथं घुटमळत होता," आणि कागदावर येतं "तो तेथे हजर होता." चोरीच्या केसमध्ये या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक. फारच मोलाचं उत्तर असेल तर ते प्रश्नोत्तर स्वरूपात घ्यावं अशी विनंती करता येते, दिवाणीत ऑर्डर १८ नियम १० त्यासाठीच आहे. मात्र दर पाच मिनिटांनी ही विनंती केलीत तर साहेब वैतागतील, आणि ते बरोबरच आहे.

वेळ आणि अंतर यांचंही तसंच. खेड्यातला माणूस घड्याळावर जगत नाही. "कासराभर दिवस वर आला होता", "कडुसं पडलं होतं", "हाक मारली तर ऐकू येईल एवढ्यावर" हे तो खरं सांगतो. त्याला "किती वाजले होते, किती मीटर" विचारलं की तो अंदाज ठोकतो. तुम्हाला त्याचा अंदाज हवाय की त्याचं खरं, हे आधी ठरवा. मी बहुतेकदा दोन्ही विचारते, कारण "हाकेच्या अंतरावर" आणि "तीनशे मीटर" एकाच कागदावर आले की पुढचं काम सोपं होतं.

सराव कुठे करायचा? सिनियरच्या कपाटात निकाली फायली असतात. एक काढा. सरतपासणी वाचा आणि फाइल बंद करून स्वतःचा उलटतपास लिहा. मग त्या वेळी प्रत्यक्षात झालेला वाचा. शेवटी निकालपत्र वाचा आणि साहेबांनी साक्षीतली कोणती वाक्यं उचलली त्यांच्याखाली रेघ मारा. पंधरा-वीस फायलींत कळतं की दोन पानांच्या उलटतपासातली तीनच वाक्यं कामाला आली, आणि ती बहुधा सगळ्यात साधी होती. दुसरं, बोर्ड (त्या दिवशीच्या कामांची यादी) संपल्यावर बार रूममध्ये चहा पीत बसण्याऐवजी शेजारच्या कोर्टात जाऊन बसा. वहीत दोन रकाने करा, वकिलाने काय विचारलं आणि साहेबांनी स्टेनोला काय सांगितलं. महिनाभर हे केलंत तर कोणताही व्हिडिओ बघायची गरज उरणार नाही.

स्वतः उभं राहायची संधी चेक न वटल्याच्या केसेसमध्ये लवकर मिळते. साक्षीदार बहुधा एकच, कागद थोडे, आणि फिर्यादीला पैसे कुठून आणले, रोख का दिले, इन्कमटॅक्सच्या विवरणपत्रात दाखवले का, हे विचारून हात बसतो. विधी सेवा समितीच्या पॅनलवर नाव द्या, जिल्ह्याला लोक अभिरक्षक कार्यालय (गरीब आरोपींना मोफत वकील देणारं) असेल तर तिथे चौकशी करा. सिनियरला मात्र आधी सांगा. मागून कळलं की रुसतात.

उभं राहिल्यावर घशाला कोरड पडते, ती माझीही अजून पडते. पहिले तीन प्रश्न असे ठेवा की ज्यांची उत्तरं कागदावरूनच पक्की आहेत. तुमचं गाव अमुक, फिर्यादी तुमचा चुलतभाऊ, हे म्हणणं खरं आहे? तेवढ्यात आवाज लागतो. साक्षीदारावर ओरडू नका. गरीब माणसावर ओरडणारा वकील साहेबांना आवडत नाही, आणि घाबरलेला साक्षीदार "आठवत नाही" म्हणायला लागतो, ते तर तुम्हाला नकोच असतं.

इंग्रजीचं विचारलंत. १९९८ पासून आपल्या जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा मराठी आहे, साक्ष मराठीतच होते. इंग्रजी लागतं ते निकाल वाचायला, आणि ते वाचता वाचताच येतं. त्यापेक्षा तुमचं मराठी तपासा. "सदर", "नमूद", "शाबीत", "चतुःसीमा", "वहिवाट" हे शब्द लिहिताना चुकत नसाल, आणि पिंजऱ्यातल्या म्हातारीशी तिच्या बोलीत बोलू शकत असाल, तर तुमचं काम अडणार नाही.

आणि साक्षीची नक्कल हातात आली की त्याच संध्याकाळी वाचा, उद्यावर टाकू नका. चूक दिसली तर लगेच अर्ज देता येतो. सहा महिन्यांनी साक्षीदार परत बोलवा म्हणालात तर समोरचा वकील म्हणेल की उणिवा भरून काढायला मागताहेत, आणि अर्ज नामंजूर होईल. मी बांधाच्या त्या केसमध्ये नक्कल मागवली होती, पण वाचली ती युक्तिवादाच्या आदल्या रात्री.